वीस लाखांची हद्द

शाहूपुरी, कोल्हापूर
१९ जानेवारी २०२५

केतन,

हे पाकीट तू फोडणार नाहीस हे धरूनच लिहितेय. रुचिता फोडेल. तेव्हा रुचिता, तू मोठ्यानं वाच, आणि हा उठून दुसऱ्या खोलीत गेला तर आणखी मोठ्यानं वाच. फोनवर मला ब्लॉक करून तीन वर्षं उलटली, पण पोस्टमनला कुणी ब्लॉक करू शकत नाही.

परवा रुचिताचा फोन आला. बिचारी हळू आवाजात बोलत होती. "आत्ती, आदिती सात महिन्यांची झाली. आमच्याकडं महिन्याला पंधरा हजार मागं पडतात. कुठं टाकावेत? ह्यांना विचारलं तर म्हणतात, आत्तीला विचार, ती मोठी शहाणी." तू टोमणा मारलास हे मला कळतंय, लेका. मी तो विनंतीअर्ज समजून घेतला.

तर ऐक. तीस वर्षं मी मॅचिंगचं दुकान चालवतेय, आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून तू माझ्याकडं, त्याच दुकानात वाढलास, त्यामुळं हे तुला ठाऊक आहे. रोज दोन तरी बायका साडी न आणताच येतात आणि म्हणतात, "एखादा चांगला ब्लाउजपीस दाखवा." अगं, पण कशावर? जांभळा कितीही चांगला असला तरी तुझ्या साडीवर जाणार आहे का? पैशाचंही लोक असंच विचारतात, चांगली योजना कुठली. कशासाठी पाहिजे, किती वर्षांनी पाहिजे, ते कुणी सांगत नाही. आधी साडी टेबलावर ठेवायची, मग रंग बघायचा.

रुचितानं दोन साड्या सांगितल्या. सहा वर्षांनी घर घ्यायचं आहे, तेव्हा सुरुवातीला भरायची रक्कम. आणि सतरा वर्षांनी आदितीचं कॉलेज. या दोन्हींना एक ब्लाउज चालणार नाही.

पण त्याच्याही आधी अडचणीचा डबा. सहा महिन्यांचा घरखर्च साध्या बँकेत, साध्या एफडीत. त्यावर व्याज किती मिळतं म्हणून नाक मुरडायचं नाही. तो कमवायला ठेवलेला नाही, अडचण आली की उघडायला ठेवलाय. मग तुझ्या नावानं टर्म इन्शुरन्स, आणि तिघांचा मेडिक्लेम. कंपनीचा आहे म्हणशील, तर नोकरी गेली की तोही जातो.

घराचे पैसे मधल्या पल्ल्याचे. ते सगळे शेअरबाजारात टाकलेस तर ज्या वर्षी बिल्डर दारात उभा त्याच वर्षी बाजार झोपलेला असायचा. निम्मे आवर्ती ठेवीत, निम्मे अशा फंडात ज्यात शेअर कमी आणि रोखे जास्त. शेवटची दोन वर्षं राहिली की तेही काढून एफडीत. आदितीचे मात्र लांब पल्ल्याचे. त्यातले थोडे पोस्टात सुकन्या खात्यात, बाकीची एसआयपी साध्या इंडेक्स फंडात, आणि मग विसरून जायचं. बाजारात गॅरंटी कशाचीच नाही. जो गॅरंटी देतो त्याला चहा पाजायचा आणि दार लावून घ्यायचं.

आणि ते ऑप्शनचं ॲप अजून फोनमध्ये असेल तर आज काढ. तुझे चार लाख त्यात बुडाले आणि तू माझ्याकडं आलास. त्याच आठवड्यात मी मुलींच्या हॉस्टेलला तीन लाख दिले आणि तुला नाही म्हणाले. "परक्यांना देतीस आणि मला न्हाय? म्हातारपणी त्या पोरीच बघतील तुला," असं म्हणून तू जिना उतरलास आणि थेट कोइमतूरला नोकरी धरलीस. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण चूक केली असं वाटत नाही. तुला दिले असते तर तेही त्याच विहिरीत गेले असते.

आदितीचा फोटो पाठवा. कागदावर छापलेला पाठवा.

आत्ती

१२ मार्च २०२५

केतन,

रुचिताचं पत्र मिळालं. त्याच्या मागच्या बाजूला एक ओळ होती, "मार्केट पडतंय. एसआयपी थांबवू का?" ना नमस्कार, ना सही. पण 'थ'ला शेपूट देण्याची तुझी सवय अजून गेली नाही, त्यामुळं कुणी लिहिलंय ते विचारायची वेळ आली नाही.

थांबवू नकोस. सतरा वर्षांचं तिकीट काढलंस आणि दुसऱ्या महिन्यात खाली उतरायचं म्हणतोस? पडलेल्या बाजारात त्याच पैशात जास्त युनिटं येतात. सेलमध्ये पीस स्वस्त झाला की बायका दोन घेतात, दुकानाबाहेर बसून रडत नाहीत. मात्र घराच्या पैशातले शेअरमध्ये घालू नकोस, स्वस्त झालं म्हणून हात शिवशिवेल. तुझा हात मला माहीत आहे.

इथं शाहूपुरीत सगळ्यांची तोंडं उतरलेली आहेत. मी एकटीच निवांत. शेजारचे टेलर दिलदार मास्तर परवा मशीन थांबवून म्हणाले, "अक्काताई, तुमचं लई अवघड हाय. बाजार चढला की तोंड पाडता, पडला की पेढं वाटता. असलं गिऱ्हाईक अख्ख्या कोल्हापुरात न्हाय." मास्तरांचं काही चुकलेलं नाही.

रुचिताला हे कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या चातुर्मासात आमच्या बस्तीत, जैन देवळात, मुनीमहाराज आले होते. तेव्हा मी परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलं. म्हणजे आपल्याजवळ किती ठेवायचं त्याची आपणच हद्द घालायची आणि वर जाईल ते देऊन टाकायचं. मी सांगितलं, राहायला एक घर, बारा तोळे सोनं, आणि रोकड-गुंतवणूक मिळून वीस लाख. दुकान भाड्याचंच आहे, ते धरायचं नव्हतं. वीस लाख म्हटल्यावर मागच्या बायका फिस्सकन हसल्या, कारण तेव्हा माझ्याकडं चाळीस हजारही नव्हते. महाराज म्हणाले, "फार लांबचा आकडा सांगितलास, बाई." मला लांबचाच पाहिजे होता. व्रत घेतल्याचं पुण्य, आणि अडचण काही नाही! पंधरा तोळ्यांची हद्द घालून सोळावा सुनेच्या अंगावर चढवणाऱ्यांपेक्षा मी बरी, असंही मनात आलं होतं.

मग दोन हजार सहाला मी एसआयपी सुरू केली आणि विसरून गेले. एकवीस साली बघते तर तेवीस लाख! तेच ते तीन लाख, केतन. ते माझे नव्हतेच. आणि घरातल्या घरात दिलं तर ते देणं होत नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात घालणं होतं. म्हणून तुला नाही. तेव्हा हे सगळं सांगायच्या आत तू जिना उतरला होतास.

फोटो मिळाला. नाक भूपालदादाचं आहे, म्हणजे तुझ्या बापाचं. बाकी रुचितावर गेली हे बरं झालं.

आत्ती

७ सप्टेंबर २०२५

केतन आणि रुचिता,

काल दशलक्षण पर्व संपलं. नवव्या दिवशी आकिंचन्याचं प्रवचन असतं, म्हणजे आपलं काहीच नाही म्हणण्याचं. मी दरवर्षी त्याच दिवशी हिशोब बघते. यंदा हद्दीवर एक लाख दहा हजार निघाले. हॉस्टेलला दिले. संयोगिता म्हणून तिथल्या मुख्य बाई आहेत, त्या म्हणाल्या, आता गिझर बसवतो, पोरी थंडीत गार पाण्यानं अंघोळ करतात.

तुमची एसआयपी थांबली नाही हे रुचितानं कळवलं. शाबास. आधीची शिल्लक घालून अडचणीचा डबा भरला तेही वाचलं. आता तुम्हाला सल्ल्याची गरज नाही, नुसतं टिकून राहायची गरज आहे, आणि ते सल्ल्यापेक्षा अवघड असतं.

माझं बरं चाललंय. आजकाल दुकानातच झोपते. सकाळी लवकर उघडता येतं, आणि शिवाजी पेठेतल्या घराचे दोन जिने रोज कोण चढउतार करणार? बस्तीत खुर्चीवर बसून प्रवचन ऐकलं, त्यामुळं पाठीला आराम पडला. वरच्या फळीवरचे तागे दिलदार मास्तरांचा आरिफ काढून देतो. गिऱ्हाईक म्हणतं, अक्काताई, तुम्ही आता मालकिणीसारख्या बसून असता. म्हटलं, मग काय, मालकीणच आहे मी.

सणाला तुमच्याकडं काय करतात? तिकडं पुरणपोळी मिळत नसेल. आदितीला इतक्यात गोड देऊ नका.

आत्ती

२६ ऑक्टोबर २०२५

केतन,

चार पानांचं पत्र! तेही तुझ्या हातचं. पोस्टमननं दिलं तेव्हा मी आधी अक्षर बघितलं आणि गिऱ्हाईकाला 'थांबा जरा' म्हणून मागं जाऊन बसले. रडले. हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

मग आतला चेक बघितला आणि अंगाचा तिळपापड झाला. अडीच लाख! डबा सगळा रिकामा केलास? तुझी नोकरी उद्या गेली तर पोरीला काय घालणार? आणि वर मलाच लिहितोस, "आत्ती, हा डबा अडचण आली की उघडायचा असं तूच सांगितलंस. अडचण आली. उघडला." शहाणा! माझंच शस्त्र माझ्यावर चालवतोस. मास्तरांना मी बजावून ठेवलं होतं, कोइमतूरला काही कळवायचं नाही. विचारलं तर म्हणतात, "म्या फोन केला न्हाय. सूनबाईंनी केला. मग खोटं बोलू व्हय?" तर आता लपवण्यात अर्थ नाही. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलायला सांगितल्या आहेत. मे महिन्यातच सांगितल्या.

आता तुझ्या हिशोबाकडं येते. तो मी तीनदा तपासला. चूक सापडली असती तर मला फार आनंद झाला असता. तू लिहितोस, "तुझा महिन्याचा खर्च आज बावीस हजार. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांनी चव्वेचाळीस, चोवीस वर्षांनी अठ्ठ्याऐंशी. तू तेव्हा चौऱ्याऐंशीची असशील आणि दुकान नसेल. तेव्हाचे वीस लाख तुला दोन वर्षंही पुरणार नाहीत. आम्हाला बाजार शिकवलास, पण स्वतःच्या हद्दीला महागाई लावायची विसरलीस."

खरं आहे. विसरले. मी व्रत घेतलं त्या वर्षी मास्तर ब्लाउजला पंचवीस रुपये घ्यायचे, आज साडेतीनशे घेतात आणि अस्तराचे वेगळे. रोज डोळ्यांसमोर दर वाढताना बघितले आणि माझा वीस लाखांचा आकडा मात्र देवळातल्या घंटेसारखा एका जागी टांगून ठेवला. मेडिक्लेमचंही तेच. दोन हजार नऊला तीन लाखांचा घेतला, तेव्हा डोंगराएवढा वाटला. थेंबे थेंबे तळे साचे म्हणून शाळेत शिकवतात, तळं आटतं ते कुणी शिकवत नाही. हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला पाहिजे होतं. आदितीच्या कॉलेजचा आकडा आजच्या फीवरून धरला असशील तर आधी तो बदल.

पण केतन, हद्द वाढवता येत नाही. कमी करता येते. महाराज आज असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं आणि वर हसले असते. तू लिहिलंस, "जरा वाढवून घे की, कोण बघतंय?" मी बघतेय ना. सव्वीस वर्षं सांभाळलं ते गुडघ्यापायी सोडू? न्हाय जमायचं.

म्हणून चेक परत पाठवतेय. तो माझ्या खात्यात पडला तर आकिंचन्याच्या दिवशी हॉस्टेलला जाईल, आणि तुझा डबा पोरींच्या गिझरला लागेल.

आत्ती

१८ नोव्हेंबर २०२५

केतन,

तुझं पत्र आणि त्यावरची शिवी दोन्ही पोचली. 'हट्टी म्हातारी' ही शिवी नाही असं रुचितानं खाली लिहिलंय, पण मला ठाऊक आहे ती शिवीच आहे, आणि चार वर्षांनी तुझ्याकडून शिवी ऐकून बरं वाटलं.

तू लिहितोस की महिना तीन हजारांची एक वेगळी एसआयपी तू तुझ्या नावानं सुरू केलीस. "हे तुझे न्हाईत. माझे हाईत. माझ्या म्हाताऱ्या आत्तीला सांभाळायचं हे माझं ध्येय हाय. तुझ्या व्रतात माझं ध्येय बसत न्हाय." यावर मी दोन दिवस विचार केला. बस्तीत जाऊन पंडितांनाही विचारलं. ते म्हणाले, त्याचा पैसा, त्याचं कर्तव्य, तुमच्या मनात तो तुमचा झाला नाही म्हणजे झालं. तेव्हा चालू ठेव. किती झाले ते मला कधी सांगायचं नाही, आणि मी विचारलं तरी सांगायचं नाही. आणि सगळे शेअरमध्ये ठेवू नकोस. आदिती लांब पल्ल्याची आहे, मी मधल्या पल्ल्याची. त्या मानानं रोखे जास्त ठेव.

तुझी एक समजूत मात्र चुकीची आहे, ती काढून टाक. तुला वाटतंय मी पैशापायी थांबले होते, हॉस्टेलला दिले म्हणून ऑपरेशनला उरले नाहीत. खुळ्या, पैसे आहेत. पॉलिसीचे तीन लाख, वरचे माझे अडीच. वीस लाखांतले अडीच गेले तर हद्द मोडत नाही, उलट बरीच जागा होते. पुढचं पुढं. दुकान अजून दहा वर्षं चालवायचं आहे मला, नव्या वाट्या घेऊन.

मे महिन्यात डॉक्टरांनी तारीख दिली होती. तेव्हा तिथल्या मुलीनं विचारलं, "आजी, सोबत घरचं कोण राहणार?" मी म्हटलं, सांगते. आणि घरी आले आणि सांगितलं नाही. मास्तर थांबले असते, त्यांची बायको हुस्नाही थांबली असती, दोघंही म्हणाले. पण मला दुसरं कुणी नको होतं. मला तू पाहिजे होतास, आणि तुला बोलवायचं तोंड नव्हतं, कारण माझं काही चुकलेलं नव्हतं. चुकलं असतं तर माफी मागून बोलावलं असतं. बरोबर असलेल्या माणसाची अशी पंचाईत होते.

आता आठ डिसेंबर, सोमवार ही तारीख घेतलीय. पंधरा दिवसांची रजा काढ. रुचिताला आणि आदितीला आण. घराची किल्ली मास्तरांकडं आहे, जिने तुम्ही चढा.

काल तारीख घ्यायला गेले तेव्हा त्या मुलीनं पुन्हा तेच विचारलं, घरचं कोण? मी म्हटलं, पोरगा आहे माझा, केतन, कोइमतूरला असतो, येतोय. तिनं लिहून घेतलं. आता मला खोटी पाडू नकोस.

आत्ती